फुलबाह्यांचा शर्ट कुणाला?

बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला लागलं की काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवाडी ही गावं ओलांडून लासुर्णे येतं. नीरा डाव्या कालव्यानं हिरवा केलेला हा पट्टा. दसरा झाला की इथे घरोघर दिवाळीची आवराआवर सुरू होते. माळ्यावरची गाठोडी खाली येतात, लोखंडी पेट्या उघडतात, कपाटाचा तळ उपसला जातो. उन्हात टाकलेल्या कपड्यांपैकी बरेचसे पुन्हा आत जात नाहीत. पोरगा उंच झाला, सून आली, आजोबा गेले. कारण काहीही असो, ओट्यावर एक बोचकं बांधून तयार होतं आणि घरातली बाई विचारते, आता हे द्यायचं कुणाला?

याच दिवसांत याच रस्त्यानं ट्रक आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरभरून ऊसतोडीच्या टोळ्या येत असतात. गाळपाची तारीख दरवर्षी मंत्रिसमिती ठरवते. २०२४ला ती १५ नोव्हेंबर होती, २०२५ला १ नोव्हेंबर. म्हणजे दिवाळीच्या आगेमागेच. भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा, शेटफळगढ्याचा बारामती अ‍ॅग्रो, पलीकडे माळेगाव आणि सोमेश्वर. एवढ्या कारखान्यांचा ऊस तोडायला बीड, पाथर्डी, जालन्याकडची माणसं संसार पाठीवर घेऊन येतात आणि गुढीपाडव्यापर्यंत, कधी त्याच्याही पुढे, इथेच राहतात. बोचकं बांधणारी बाई आणि राहायला झोपडीवजा कोपी उभारणारी बाई यांच्यामध्ये अनेकदा दोनच शेतं असतात. तरी ते बोचकं त्या कोपीत क्वचितच पोचतं. पोचलं तरी त्यात कामाचं थोडं आणि बिनकामाचं फार, अशी गत.

ऊसतोडीला कपडा कसला लागतो, हे नीट समजून घ्यायला हवं. उसाच्या पानाची कड दातेरी असते. पानाच्या देठाशी बारीक कूस असते, ती मानेत, मनगटात, कोपराच्या लवणीत शिरते आणि घामाबरोबर दिवसभर चुरचुरत राहते. म्हणून तोडीवरची बाई साडीवर पुरुषाचा फुलबाह्यांचा शर्ट चढवते. कफाची बटणं मनगटाशी घट्ट लावते, कॉलर वर करते, डोक्याला आणि कानांना फडकं गुंडाळते. एवढं केलं तरी हातावर ओरखडे उठतातच. असा शर्ट एका हंगामातच संपतो. आधी कोपर जातं, मग कफाची शिवण उसवते, मग खांदा विरतो. रंग विटलेला चालतो, कॉलर झिजलेली चालते, खिसा फाटलेला चालतो. बाही मात्र पुरी हवी आणि बटणं जागेवर हवीत.

आता लासुर्ण्यातल्या, अंथुर्ण्यातल्या, जंक्शन गावातल्या घरांतून निघणारं बोचकं बघा. मुलगा चाकणला किंवा पुण्याला नोकरीला. कंपनीत जायचे शर्ट वर्ष-दीड वर्षात बदलतात, कारण कॉलरची कड पांढुरकी दिसू लागते. बाही शाबूत, बटणं शाबूत, कापड अजून दोन वर्षं टिकेल असं. शिक्षकांच्या, बँकवाल्यांच्या, वालचंदनगरच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्यांच्या घरी असे शर्ट डझनावारी पडून असतात. ज्या शर्टाला घरात किंमत उरली नाही, त्याच शर्टाची शेजारच्या रानात सगळ्यात जास्त गरज आहे. जुने कपडे कुठे द्यावेत याचं लासुर्ण्यापुरतं पहिलं उत्तर माझ्या मते हेच: फुलबाह्यांचे शर्ट वेगळे काढा आणि ते तोडकरी बायकांपर्यंत जातील असं बघा.

त्याच्या पाठोपाठ येतात जाड पँटी आणि जीन्स, कारण तोडलेल्या उसाचे बुडखे पायाला लागतात. मग पोरांचे स्वेटर. तोड पहाटे अंधारातच सुरू होते. डिसेंबर-जानेवारीत कालव्याकाठच्या रानात थंडी चांगलीच झोंबते, आणि आई-बाप कोयता घेऊन फडात गेले की लहानगी पोरं बांधावर, पाचटाच्या ढिगाच्या आडोशाला झोपलेली असतात. एक नवरा-बायको मिळून एक कोयता, असा या धंद्यातला हिशेब. त्यामुळे पोराजवळ थांबायला घरात तिसरं माणूस नसतं. कानटोपी, मोजे, अंगभर स्वेटर यांचा इथे खरा उपयोग आहे. आपल्याकडे मात्र स्वेटर दिवाळीच्या आवराआवरीत निघत नाहीत, कारण थंडी यायची असते. ते निघतात मार्चमध्ये, टोळ्या परतीच्या वाटेला लागल्यावर. म्हणून पोराला आखूड झालेला स्वेटर आत्ताच बाहेर काढावा.

मऊ सुती कापडाची गोष्ट वेगळी सांगायला हवी. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं तर डोक्यावर चुंबळ लागते, आणि चुंबळीला जुनं सुती कापडच बरं. कोपीत बाळंतपणं होतात, तेव्हा दुपटी आणि लंगोट लागतात. नव्या कापडाची खळ तान्ह्याच्या अंगाला सोसत नाही, म्हणून आपल्या आज्यांनीही पहिलं दुपटं जुनेराचंच केलं. आणि पाळीच्या दिवसांत कापड लागतं. यावर आपण बोलत नाही, पण फडात ना आडोसा, ना पाणी, आणि काम तर बुडवायचं नाही; अशात कोरडं स्वच्छ कापडही नसेल तर काय होत असेल? २०१९मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांचा प्रश्न राज्यभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. त्यामागची कारणं अनेक आहेत: दवाखान्यांची लूट, टोळीच्या मुकादमाची आगाऊ उचल, खाडा झाला की कापला जाणारा पैसा. जुन्या धोतरानं आणि सुती साडीनं ती दूर होणार नाहीत. पण ज्या बाईला हंगामभर स्वच्छ, वाळलेलं, मऊ कापड मिळालं, तिच्या अंगावरचा एक भार तरी उतरतो. सुती साड्या, धोतरं, पंचे, मलमलचे जुने सदरे धुऊन, उन्हात कडकडीत वाळवून, घडी घालून वेगळे द्यावेत. पायपुसणं करायला ते फाडण्याआधी एवढा विचार जरूर करावा.

याच्या उलट, नायलॉनच्या आणि चमकीच्या साड्या कोपीत देऊ नयेत. कोपी म्हणजे बांबूच्या कामट्या, वर पाचट नाहीतर प्लास्टिकचा कागद, आणि दाराशी तीन दगडांची चूल. ठिणगी उडाली तर सिंथेटिक कापड वितळून अंगाला चिकटतं. घाईत स्वयंपाक उरकणाऱ्या बाईला असला पदर देणं म्हणजे तिला धोक्यात घालणं.

मग या साड्यांचं करायचं काय? कारण बोचक्यात खरी गर्दी त्यांचीच असते. आपल्याकडे लग्न, बारसं, डोहाळजेवण, वास्तुशांत, प्रत्येक कार्यात आहेराची साडी आलीच. ती घेणाऱ्याच्या पसंतीची नसते आणि देणाऱ्याच्याही नसते. ती फक्त मोजणीला लागते. एका लग्नात आलेली साडी दुसऱ्या लग्नात जाते, तिथून तिसऱ्या, आणि शेवटी कुणाच्या तरी कपाटात घडीही न मोडता पडून राहते. दिवाळीत ती बाहेर पडते तेव्हा घरची बाई समाधानानं म्हणते, नवी कोरी दिली. पण जी आपल्या अंगाला टोचते म्हणून आपण नेसलो नाही, ती दुसरीला गोड कशी लागावी? 'आहेर आणू नयेत' ही पत्रिकेतली ओळ मनापासून पाळली गेली तर या ढिगाचा मोठा भाग निघणारच नाही.

तोवर मात्र या साड्यांना इंदापूर तालुक्यात एक चांगलं गिऱ्हाईक आहे. डाळिंबाची बाग उन्हाळ्यात पोळते, फळावर चट्टे पडतात, म्हणून शेतकरी झाडांवर जुन्या साड्यांचं आच्छादन टाकतात. रानडुकरं येतात तिथे पिकाभोवती साड्यांचं कुंपण बांधतात. त्यासाठी जुन्या साड्या वजनावर विकत घेतल्या जातात. निमगाव केतकीच्या बाजूला फिरलात तर लाल, जांभळ्या, मोरपंखी साड्यांनी झाकलेल्या बागा दिसतील. नायलॉनची साडी उन्हात टिकते, पाणी धरत नाही आणि फुकट मिळाली तर शेतकऱ्याचा शेडनेटचा खर्च वाचतो. दान म्हणून देण्यापेक्षा ती ओळखीच्या बागायतदाराला द्यावी. त्यात कुणाचाच कमीपणा नाही. बाग उतरल्यावर त्या चिरफाळलेल्या साड्या बांधावर पेटवून देऊ नयेत, एवढं त्याच्याकडून कबूल करून घ्यावं.

जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारणींना आपण या विचारात धरतच नाही, आणि हा अन्याय आहे. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी घेऊन दारोदार फिरणारी बाई, किंवा आता मोटारसायकलला भोंगा लावून ओरडत जाणारा तिचा नवरा, हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या धंद्याचे वारस आहेत. वाघरी समाजाच्या बायकांनी हा व्यवसाय मुंबई-पुण्यापासून दिल्लीपर्यंत उभा केला. दिल्लीत रघुबीरनगरला त्यांचा कपड्यांचा बाजार पहाटेच्या अंधारात भरतो. पुण्यात मंगळवार पेठेचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथेही जुने कपडे नव्या अंगांची वाट बघतात. बोहारीण कपडा हातात घेते, उजेडात धरते, काखेची शिवण ओढून बघते, झिप वर-खाली करते. तिला त्याची किंमत कळते, कारण तिचं पोट त्यावर आहे. आपण एका पातेल्यासाठी तिच्याशी घासाघीस करतो, पण तिच्या हाती गेलेला कपडा उकिरड्यावर जायची शक्यता सगळ्यात कमी. फाटकं शिवून, डाग काढून, इस्त्री करून ती तो विकते. ज्याला तो हवा तोच पैसे मोजून घेतो. कोट, सफारी, कार्यालयातल्या लग्नाचे कपडे, पोरींचे घागरे यांना कोपीत काही काम नाही. ते तिलाच द्यावेत, आणि पातेल्यावरून हुज्जत घालू नये.

दूरच्या संकटग्रस्तांना कपडे पाठवायची हौस आपल्याला फार. २००४च्या सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून कपडे गेले. तिथल्या दमट उकाड्यात लोकरीचे कपडे कोण घालणार? मासेमार बायकांना न चालणारे कपडे कुणाच्या कामाचे? ढीग रस्त्याकडेला पडले. अंशू गुप्तांनी १९९९मध्ये दिल्लीत सुरू केलेल्या 'गूंज' संस्थेनं ते उचलले, निवडले, कामाचे केले. २०१९च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीकडे मदतीच्या गाड्यांची रीघ लागली, तेव्हाही जुने कपडे पाठवू नका असं सांगायची वेळ आली. चिखलातून घर सावरणाऱ्या माणसाला नवी अंतर्वस्त्रं, टॉवेल, चादर हवी असते. तिथे आपलं बोचकं उतरवणं म्हणजे त्याच्याच दारात आपला कचरा नेऊन टाकणं.

'गूंज'ची रीत मला महत्त्वाची वाटते ती एका कारणासाठी. घरातल्या ६७ कपड्यांपासून सुरू झालेल्या या कामाला २०१५मध्ये अंशू गुप्तांच्या नावानं मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पण त्यांचा मूळ आग्रह साधा होता: कपडा फुकट वाटायचा नाही. गावानं आपल्या गरजेचं काम ठरवावं, विहीर उपसावी, रस्ता बांधावा, आणि त्या श्रमाचा मान म्हणून कपडे घ्यावेत. जुन्या सुती कापडाच्या पाळीच्या पट्ट्या करायचं कामही त्यांनी वर्षानुवर्षं केलं. ज्यांची मुलं पुण्या-मुंबईत आहेत, त्यांनी कोपीत न चालणारे पण धडके कपडे अशा संस्थांकडे द्यावेत. पुण्यात कचरावेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था जुने कपडे गोळा करण्याचे कार्यक्रम घेते, तोही मार्ग आहे.

आपण सोडलेला कपडा किती लांब जाऊ शकतो हे बघायचं तर घानाची राजधानी आक्राकडे बघावं. तिथल्या कांटामांटो बाजारात युरोप-अमेरिकेतून दान म्हणून निघालेले कपडे गाठींनी उतरतात. आठवड्याला दीड कोटी नग, असा तिथे काम करणाऱ्या संस्थेचा अंदाज आहे. न खपलेले नाल्यांत आणि तिथून समुद्रावर जातात. देणाऱ्यानं आपलं कपाट मोकळं केलं, ओझं मात्र दुसऱ्या खंडाच्या किनाऱ्यावर गेलं. आपल्या कालव्याच्या पुलाखाली अडकलेली बोचकी पाहिली तर हा प्रश्न फार लांबचा वाटत नाही.

'माणुसकीची भिंत' ही कल्पना आपल्याकडे २०१६च्या सुमारास गावोगाव आली. त्याआधीच्या हिवाळ्यात इराणच्या मशहद शहरात भिंतीला खुंट्या ठोकून, नको असेल तर ठेवून जा, हवं असेल तर घेऊन जा, असं कुणीतरी लिहिलं आणि ते जगभर गेलं. कोल्हापुरात सीपीआर चौकात ती उभी राहिली तेव्हा कार्यकर्ते तिथे थांबून कपडे निवडत, लावत, माणसाला मापाचं शोधून देत. म्हणून ती चालली. ज्या गावांनी नुसती भिंत रंगवली आणि उद्घाटनाचा नारळ फोडला, तिथे पहिल्या पावसात तिच्या पायथ्याशी ओल्या चिंध्यांचा चिखल झाला. भिंतीशी माणूस हवं. ते नसेल तर भिंत रंगवू नये.

द्यायचा कपडा धुऊन द्यावा, हे या रस्त्याला तरी शिकवायला नको. तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम हलवून सणसरकडे निघते तेव्हा काटेवाडीत परीट समाज तिच्या वाटेवर धोतरांच्या पायघड्या घालतो. शुभ्र धुतलेलं धोतर वाटेवर अंथरलं जातं, पालखी पुढे सरकली की उचलून पुन्हा पुढे नेलं जातं. दुसऱ्या दिवशी बेलवाडीचं रिंगण आणि मग पालखी लासुर्ण्याच्या वाटेला लागते. त्याच परीट समाजात जन्मलेले गाडगेबाबा आयुष्यभर चिंध्यांचा अंगरखा घालून फिरले, आणि त्यांच्या दशसूत्रीत अन्न आणि पाण्यानंतर लगेच वस्त्र येतं. ज्यांनी स्वतः चिंध्या घातल्या त्यांनी लोकांना चिंध्या वाटा असं कधी सांगितलं नाही. तुटलेलं बटण लावावं, उसवलेली शिवण घालावी, डागाळलेलं वेगळं काढावं. मगच कपडा दुसऱ्याच्या हाती द्यावा.

जे कशालाच उरलं नाही, त्याची वाकळ. जुन्या लुगड्यांचे पदर वर-खाली, मधे बनियन, फाटके शर्ट, चादरींचे तुकडे, आणि चारी बाजूंनी आत आत जाणारे धावदोरे. पैसे घेऊन गोधड्या शिवणाऱ्या बायका या भागात आहेत, त्यांच्याकडून शिवून घ्यावी. कोपीतल्या पोराला ब्लँकेटपेक्षा ती जास्त वर्षं पुरते, आणि टोळी गावाकडे परतताना ती बरोबर नेते. घरातलं माणूस गेलं की त्याचे कपडे नदीत सोडायची रीत आहे. नीरा नरसिंहपूरसारख्या संगमांवर असे कपडे पाण्यात जातात आणि पुढे भीमेच्या काठाला लागतात. गेलेल्या माणसाचे कपडे बाहेर द्यायला जीव धजत नसेल तर त्यांची घरातच वाकळ करावी, नातवंडांनी पांघरावी. नदीला त्या कपड्यांचं काही करता येत नाही.

राहिला वाटपाचा प्रश्न. मुकादमाच्या हाती बोचकी देऊ नयेत. टोळीवर त्याची उचल असते, म्हणजे टोळी आधीच त्याच्या शब्दाखाली असते. त्यात कपड्यांचं वाटपही त्याच्याकडे गेलं की कुणाला चांगलं आणि कुणाला उरलंसुरलं हेही तोच ठरवणार. त्याला फक्त विचारावं की किती कोपी, किती बायका, किती पोरं, कुठल्या तळावर. तळावर जाऊन गाडीच्या फाळक्यावरून कपडे फेकू नयेत आणि फोटो तर मुळीच काढू नयेत. स्वतःचं अंग झाकायला कपडा घेताना कुणाचा फोटो निघावा?

माझी सूचना अशी. एखाद्या बचत गटानं दिवाळीनंतरचे पहिले काही आठवडे आठवडी बाजारात एक पाल टाकावं. तोडकरी बायका बाजारहाटाला तिथे येतातच. कपडे मापानुसार लावावेत, सगळ्यात पुढे फुलबाह्यांचे शर्ट, मग पोरांचे स्वेटर, मग सुती कापड. नगाला पाच-दहा रुपये घ्यावेत, म्हणजे बाई हक्कानं उलटून-पालटून बघेल, नको ते ठेवील, हवं ते मागून घेईल. आलेल्या पैशांत बटणं, दोरा आणि पाळीच्या पट्ट्यांचं कापड आणावं. बारामतीच्या टेक्स्टाइल पार्कात शिवणकाम करणाऱ्या बायका आसपासच्या गावांत आहेत. त्यांच्यापैकी एखादी सुट्टीच्या दिवशी मशीन घेऊन बसली तर बाजार उठेपर्यंत पन्नासेक शर्टांच्या बाह्या तरी धड होतील. सुरुवातीला गाठोडी पालाशी आणायला सांगू नयेत. आधी घरोघर चिठ्ठी द्यावी, त्यात काय हवं आणि काय नको एवढंच लिहावं. यंदाची चिठ्ठी लक्ष्मीपूजनाच्या आत गेली तर टोळ्या कोप्या बांधेपर्यंत शर्ट निवडून होतील.